रेक्टिफायर कॉलम डायनॅमिकला टाकला की १८ सेकंदात रिफ्लक्स ड्रम कोरडा, कुणी बघेल का

वाफेवरचा_वैतागी

नमस्कार मंडळी, तीन दिवस झाले डोकं उठलंय म्हणून इथं लिहितोय. मी सोलापूरजवळ एका डिस्टिलरीत प्रोसेसला आहे, मळीवरचा ६० केएलपीडीचा (दिवसाला ६० हजार लिटर) प्लँट. साहेबांनी काम दिलंय की लाइट गेली आणि कूलिंग वॉटरचा पंप बसला, स्टीम मात्र चालूच राहिली, तर रेक्टिफायर कॉलमचं (अल्कोहोल आणि पाणी वेगळं करणारा ट्रेचा मनोरा) काय होतं, रिफ्लक्स (वरची वाफ थंड करून कॉलममध्ये परत सोडतो तो द्रव) किती वेळ पुरतो आणि ऑपरेटरला हातपाय हलवायला किती मिनिटं मिळतात हे मॉडेल करून दाखव.

हायसिसमध्ये (प्लँटचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) स्टेडी स्टेट, म्हणजे वेळेनुसार काहीच बदलत नाही ती अवस्था, मस्त बसलं. थर्मोला एनआरटीएल (मिश्रण कसं उकळतं याचं गणित) घेतलंय, ५५ ट्रे, फीड ४०% अल्कोहोलचं ताशी ६ घनमीटर, वरनं ताशी २.५ घनमीटर स्पिरिट, रिफ्लक्स ताशी ७.५ घनमीटर. लॅबच्या आकड्याशी जुळतंय सगळं. साहेब पण खूश.

पण डायनॅमिकला (वेळेनुसार बदल दाखवणारा मोड) टाकून रन केलं की १८-२० सेकंदात रिफ्लक्स ड्रमची (कंडेन्सरमधला द्रव साठवायची टाकी) लेव्हल शून्य, मग रिफ्लक्सचा फ्लो उलटा, मग प्रेशर कुठच्या कुठं आणि शेवटी इंटिग्रेटर (वेळ पुढं नेणारं गणित) थांबतो. मला वाटलं टाइम स्टेप मोठी आहे म्हणून ०.५ सेकंदाची ०.१ केली, मग ०.०१ केली, रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला, सकाळी बघतो तर तेच. १८ सेकंद. सॉफ्टवेअरच गंडलंय का? का माझंच काहीतरी चुकायलंय? साहेब सोमवारी विचारणार आहेत.

पायथन_पंटर

का बे, स्टेप ०.०१ करून रात्रभर चालवलंस आणि तरी १८ सेकंदच आले, यातच उत्तर आहे की. स्टेप निम्मी केल्यावर जर बिघडायची वेळ बदलली असती, ३० सेकंदावर गेली असती किंवा बिघडलंच नसतं, तर गणिताचा दोष म्हणलो असतो. पन्नासपट बारीक करून पण मॉडेल त्याच सेकंदाला मरतंय म्हणजे सॉल्व्हर तुला खरं सांगायलाय, तू दिलेलं भांडं खरंच १८ सेकंदात रिकामं होतंय. ०.५ परत कर आणि लॅपटॉपला झोपू दे.

बॉयलरमागचा_बाबा

वैतागी, आधी मला पाच गोष्टी सांग, मग बोलू.

रिफ्लक्स ड्रमचा व्हॉल्यूम किती टाकलायस? कॉलमचं टॉप आणि बॉटम प्रेशर किती दिलंस? फीड, स्पिरिट, लीज (खालनं निघणारं पाणी) या तिन्ही लायनींना बाहेरच्या टोकाला काय स्पेसिफाय केलंय, फ्लो का प्रेशर? कंडेन्सरला ड्यूटी (काढायची ठरावीक उष्णता) दिलीस का कूलिंग वॉटरचा फ्लो आणि यूए (उष्णता किती सहज जाते तो आकडा)? आणि व्हेंट (हवा-वाफ बाहेर सोडायची वाट) दाखवलाय का?

मी ३१ वर्षं डिस्टिलरीत काढली, शेवटची आठ-दहा वर्षं हे सिम्युलेशनचं भूत पण मागं लागलेलं. माणसं स्टेडी स्टेटच्या फाइलीला नुसतं बटण दाबून डायनॅमिक करायला बघतात, तिथंच फसतात. स्टेडी स्टेटला भांड्याचा आकार लागतच नाही, आत जितकं गेलं तितकं बाहेर आलं, संपलं. डायनॅमिकमध्ये भांडं किती मोठं हाच तर सगळा खेळ आहे.

वाफेवरचा_वैतागी

काका, लाज वाटतेय सांगायला. ड्रमचा व्हॉल्यूम विचारला होता तिथं ०.१ घनमीटर टाकलंय, स्टेडीला काही फरक पडत नव्हता म्हणून. टॉप १.०३ बार, बॉटम १.०५ बार, दोन्ही अॅब्सोल्यूट. तिन्ही लायनींना फ्लोच फिक्स केलाय कारण फ्लोचेच आकडे माझ्याकडं पक्के होते. कंडेन्सरला ड्यूटी. व्हेंट नाही दाखवलेला. व्हॉल्व्ह टाकलेत पण प्रेशर ड्रॉप ०.०२ बार दिलाय सगळ्यांना, उगाच स्टेडी स्टेट हलायला नको म्हणून.

बॉयलरमागचा_बाबा

लाजू नकोस, सगळ्यांनी केलंय हे. आता कागद घे.

ड्रम ०.१ घनमीटर, निम्मा भरलेला, म्हणजे आत ५० लिटर. त्यातनं बाहेर जातंय रिफ्लक्स ७.५ आणि स्पिरिट २.५, ताशी १० घनमीटर, म्हणजे सेकंदाला २.७८ लिटर. ५० भागिले २.७८ किती? १८. तुझे १८ सेकंद इथनं आले. सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नको, त्यानं भागाकार बरोबर केलाय.

आता पुढचा प्रश्न, वरनं कंडेन्सेट येत असताना ड्रम रिकामा होईलच कसा? म्हणजे कंडेन्सेट यायचंच थांबलं. का थांबलं? तुझं प्रेशर बघ. प्रत्येक ट्रेवर ५० मिमीचा वेअर (ट्रेच्या कडेचा बांध) असेल तर तेवढा द्रवाचा थर असतो, वाफेला तो फोडून वर जायचंय. एका ट्रेला ६ मिलिबार धर, ५५ ट्रेचे झाले ३३० मिलिबार. तू वरखाली मिळून २० मिलिबार दिलेत. डायनॅमिक चालू झालं की ट्रेवरचं पाणी खरोखर वजनदार होतं आणि वाफेत ते उचलायचा दम नसतो. खाली रिबॉयलर (तळाचा माल उकळणारं भांडं) प्रेशर चढवेपर्यंत वाफ वर जातच नाही, ट्रेवरचा माल भोकातनं खाली गळतो, कंडेन्सर उपाशी, ड्रम रिकामा. सगळी साखळी लागली बघ.

खात्री करायची असली तर उद्या प्लँटवर जाऊन लॉगशीटमध्ये रेक्टिफायरच्या बॉटमचं टेंपरेचर बघ. लीज म्हणजे जवळजवळ पाणीच. पाणी १.०५ बारला १०१ अंशाला उकळतं आणि १.३६ बारला १०८ च्या थोडं वर. कितीचा आकडा लिहिलाय ते सांग मला.

लूपवाली

मी इन्स्ट्रुमेंटची आहे, सिम्युलेशन फार करत नाही पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून बोलते.

पहिली म्हणजे "लाइट गेली पण स्टीम चालूच राहिली" हे खरंच होतं का तुमच्याकडं? स्टीमचा कंट्रोल व्हॉल्व्ह बहुतेक ठिकाणी हवेनं उघडणारा असतो, हवा गेली की स्प्रिंगनं बंद. लाइट गेल्यावर सॉलेनॉइड (हवा सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) पडला तर स्टीम तिथंच बंद होणार. मग तुम्ही जे मॉडेल करताय ती घटना घडणारच नाही. पण कूलिंग वॉटरच्या पंपाची एकट्याची मोटर ओव्हरलोडवर ट्रिप झाली आणि बाकी प्लँट चालू राहिला, हे मात्र होऊ शकतं, आणि तेच जास्त वाईट. साहेबांना नेमकं कुठलं हवंय ते आधी विचारा, नाहीतर महिनाभर भलतंच मॉडेल करत बसाल.

दुसरी म्हणजे कंडेन्सरला ड्यूटी फिक्स. पंप बंद पडला तरी तुमचा कंडेन्सर तितकीच उष्णता काढत राहणार, मग ट्रिप दाखवणार कशी? आणि उलट वाफ कमी झाली तरी तो ओढतच राहणार आणि कॉलम व्हॅक्यूमला जाणार. पाण्याचा फ्लो आणि यूए द्या. पाण्याचं टेंपरेचर किती घेतलंय?

वाफेवरचा_वैतागी

ताई २५.

लूपवाली

मे महिन्यात सोलापुरात २५ अंशाचं कूलिंग वॉटर? माठातलं आहे का? टॉवरच्या बेसिनमध्ये जो थर्मामीटर आहे तो बघा, उन्हाळ्यातला लॉग काढा आणि सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा घ्या. ट्रिप काय गारठ्यात संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या दिवशी बघूनच होत नाही.

पायथन_पंटर

मला ते ०.०२ बारवाले व्हॉल्व्ह आणि तिन्ही फ्लो फिक्स याच्यावर बोलायचंय, माझा आवडता विषय आहे.

बाहेरच्या प्रत्येक टोकाला एकच गोष्ट सांगायची असते, प्रेशर नाहीतर फ्लो. सॉफ्टवेअर तिन्हीकडं फ्लो घेतं पण, आकडेमोड जुळते, म्हणून माणूस फसतो. आता बघ, तू ६ आत घुसवणारच, २.५ वरनं आणि उरलेलं खालनं काढणारच, आत काहीही होवो. टाकी रिकामी झाली तरी नळ म्हणतोय मी सोडणारच. मग निगेटिव्ह लेव्हल आणि उलटा फ्लो येणार नाही तर काय येणार. आपल्या सोलापुरात नळाला पाणी कधी येणार आणि टाकी किती दिवस पुरवायची हा हिशोब घराघरात पाठ आहे, तोच इथं लाव की. टाकी संपली की नळ कोरडा, हे मॉडेलला कळलं पाहिजे. ते कळतं प्रेशरनं. म्हणून स्पिरिट आणि लीजला व्हॉल्व्ह टाक, व्हॉल्व्हच्या पलीकडं प्रेशर फिक्स कर, फ्लो आपोआप ठरू दे. फीडला हवं तर फ्लो ठेव, तिथं पंप आणि फ्लो कंट्रोलर आहे असं धरून चालतंय. आणि व्हेंट टाक, त्याच्या बाहेर वातावरणाचं प्रेशर, म्हणजे सगळ्या कॉलमला एक खुंटी मिळते.

आता व्हॉल्व्ह. फ्लो प्रेशर ड्रॉपच्या वर्गमुळावर चालतो. तुझा ड्रॉप ०.०२ बार. कॉलमचं प्रेशर २० मिलिबारनं वाढलं तर तुझा रिफ्लक्स थेट शून्य. तोच व्हॉल्व्हवर १ बार ड्रॉप असता तर ०.०२ नं फ्लो फक्त १ टक्का हलला असता. शिवाय शून्याजवळ वर्गमुळाचा चढ उभा होतो, ड्रॉप एवढासा हलला तरी फ्लो उसळतो, सॉल्व्हर तिथं इकडून तिकडं नाचतो. पंपाचं डिस्चार्ज प्रेशर खरं टाक, व्हॉल्व्हवर चांगला १-२ बार खाऊ दे, आणि नेहमीच्या फ्लोला व्हॉल्व्ह ५० टक्के उघडा राहील असा सीव्ही (व्हॉल्व्हची क्षमता) काढ. स्टेडी स्टेट हलेल म्हणून घाबरलास ना? हलू दे. डायनॅमिकला जायच्या आधीच ते हलवून परत बसवायचं असतं.

टीवायकेमिकल

मध्येच विचारतो, राग मानू नका. मी इथंच इंजिनिअरिंगला आहे, तिसऱ्या वर्षाला. हायसिस कॉलेजच्या लॅबमध्ये असतं पण घरी नाही. हे सगळं शिकायचं असेल तर फुकटात काही आहे का? आणि एनआरटीएलच का, पेंग-रॉबिन्सन का नाही, आम्हाला सरांनी सगळीकडं तेच वापरायला लावलंय.

पायथन_पंटर

डीडब्ल्यूसिम घे भावा, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी (ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिक्षणात आणायच्या) प्रोजेक्टवाल्यांनी त्याचं बरंच साहित्य केलंय. त्यात डायनॅमिक मोड पण आहे. थेट कॉलमला हात घालू नको, एक टाकी, एक व्हॉल्व्ह, एक पीआयडी कंट्रोलर घे आणि लेव्हल कंट्रोल करून बघ. त्या एका टाकीत जे शिकशील ते ५५ ट्रेच्या कॉलममध्ये हरवून जातं.

पेंग-रॉबिन्सन गॅस-पेट्रोलियमवाल्यांचं. इथेनॉल आणि पाणी एकमेकांत नीट वागत नाहीत, ९५.६ टक्के वजनाला ७८.२ अंशावर अझिओट्रोप (वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखंच) होतो, म्हणून तर साध्या डिस्टिलेशननं पुढं जाता येत नाही आणि इंधनाच्या इथेनॉलला मॉलिक्युलर सीव्ह लागते. साधं पेंग-रॉबिन्सन घेतलंस तर तो अझिओट्रोप नीट येत नाही, आणि थर्मोच चुकलं तर पुढचं डायनॅमिक गेलं खड्ड्यात.

वाफेवरचा_वैतागी

आज दिवसभर प्लँटवर होतो, आता जेवून लिहितोय.

बाबाकाका, लॉगशीटमध्ये बॉटम १०७ ते १०८. महिनाभराची पानं उलटली, कुठंच १०१ नाही. मी रोज तो आकडा बघत होतो आणि कधी डोक्यातच आलं नाही.

ड्रमची ड्रॉइंग स्टोअरमध्ये मिळंना. नेमप्लेटवर तीन वेळा ऑइल पेंट मारलेला, नखानं खरवडून बघितलं, फक्त हायड्रोटेस्टचं प्रेशर वाचता आलं. शेवटी स्टोअरमधनं टेप घेतला आणि मी आणि एक हेल्पर वर चढलो, सुतळीनं घेर मोजला, इन्सुलेशन एका जागी निघालंय तिथं. आतला व्यास ९०० मिमी धरला, लांबी १.८ मीटर. १.१४ घनमीटर आले, निम्मा ०.५७. ताशी १० नं भागलं तर ३.४ मिनिटं. कुठं १८ सेकंद आणि कुठं साडेतीन मिनिटं.

रिफ्लक्सच्या व्हॉल्व्हपाशी उभा होतो तर शिफ्टचा ऑपरेटर म्हणला साहेब हा कायम ७०-७५ वरच असतो, याच्या वर गेला की आम्हाला कळतं पंपाचा स्ट्रेनर चोकअप झाला. हे पण मॉडेलमध्ये घातलं, ५० च्या ऐवजी ७० टक्क्याला बसवला.

मग घरी येऊन प्रेशर १.०३ आणि १.३६ केलं, स्टेडी परत बसवलं, कंडेन्सरला पाणी दिलं, व्हेंट टाकला. डायनॅमिक चालू. १८ सेकंद गेले. एक मिनिट गेलं. पाच गेली. बायको म्हणली काय झालं एकटाच हसायलाय.

आणि मग दहाव्या मिनिटाला ट्रे टेंपरेचरचा कंट्रोलर वेडा झाला. स्टीमचा व्हॉल्व्ह एकदा पूर्ण उघडा, एकदा पूर्ण बंद, धडधड धडधड. कॉलम वर-खाली श्वास घेतल्यासारखा. ट्यूनिंग मी स्वतःच्या मनानं नाही टाकलं हो, पॅनलवरच्या कंट्रोलरमधले आकडे जसेच्या तसे उतरवलेत. पी (प्रपोर्शनल) ४०, आय (इंटिग्रल) ६००. प्लँटवर त्याच आकड्यांवर शांत चालतंय.

लूपवाली

पॅनलवरचा कंट्रोलर जुना सिंगल लूपवाला आहे का? मग तो ४० म्हणजे प्रपोर्शनल बँड, टक्क्यात. गेन (चुकीला व्हॉल्व्ह किती जोरात हलवायचा तो आकडा) नाही. १०० भागिले ४०, गेन २.५. तुम्ही गेनच्या रकान्यात ४० टाकलेत, म्हणजे सोळापट जोरात मारताय. आणि ६०० हे सेकंद असतील, तुमचं सॉफ्टवेअर मिनिटं मागतं. म्हणजे इंटिग्रल १० मिनिटांचं द्यायचं होतं, तुम्ही ६०० मिनिटांचं दिलं, असून नसल्यासारखं. एक बाजू सोळापट तेज आणि दुसरी साठपट झोपलेली. धडधडणारच.

स्पॅन (ट्रान्समीटरची मोजायची रेंज) पण बघा. प्लँटवर ट्रान्समीटर ० ते १५० असेल आणि मॉडेलमध्ये तुम्ही ५० ते १०० ठेवला असेल तर तोच गेन तिप्पट होतो, कारण गेन टक्क्याला टक्का चालतो. हे कुणी सांगत नाही आणि यातच लोकांचे आठवडे जातात.

आणि डायरेक्ट-रिव्हर्स तपासलं का? त्या शब्दांच्या नादी लागू नका. लूप समोर घ्या आणि बोटानं दाखवा, टेंपरेचर वाढलं तर स्टीम व्हॉल्व्ह बंदकडं गेला पाहिजे, ड्रमची लेव्हल वाढली तर स्पिरिटचा व्हॉल्व्ह उघडकडं. प्रत्येक लूप मॅन्युअलला टाका, व्हॉल्व्ह ५ टक्के हलवा, पीव्ही (मोजलेला आकडा) कुठं जातंय बघा. मग एक एक करून ऑटोला. सगळे लूप एकदम ऑटोला टाकून रन मारणारी माणसं मी प्लँटवर पण बघितलीत, दोन्हीकडं निकाल सारखाच.

बॉयलरमागचा_बाबा

ताईनं मुद्द्याचं सांगितलं. यात माझी एक भर. मॉडेलमधलं टेंपरेचर प्लँटपेक्षा फार चपळ असतं. तुझा खरा आरटीडी (टेंपरेचरचा सेन्सर) थर्मोवेलमध्ये (धातूच्या नळीत) बसलाय, व्हॉल्व्हला उघडायला काही सेकंद लागतात, मॉडेलमध्ये यातलं काहीच नाही. म्हणून टेंपरेचर लूपमध्ये एक मिनिटाचा डेड टाइम (उशीर) घाल, नाहीतर मॉडेलमध्ये जे ट्यूनिंग छान दिसेल ते प्लँटवर टाकलंस की ऑपरेटर तुझ्या नावानं ओरडेल.

मग रिले टेस्ट कर. ही ऑस्ट्रॉम आणि हॅग्लुंडची १९८४ ची पद्धत, सॉफ्टवेअरच्या ऑटोट्यूनरमध्ये पण बहुतेक हीच असते. व्हॉल्व्ह ५ टक्के वर, ५ टक्के खाली असा ढकलत राहायचं, टेंपरेचरची लाट किती उंच आणि किती मिनिटांची ते मोजायचं. समजा लाट ०.६ टक्के स्पॅनची आणि ८ मिनिटांची आली. अल्टिमेट गेन म्हणजे चार गुणिले ५, भागिले पाय (३.१४) गुणिले ०.६, साधारण १०.६. टायरस-ल्यूबेनच्या नियमानं त्याला ३.२ नं भाग, गेन ३.३ आला, इंटिग्रल २.२ गुणिले ८, साडेसतरा मिनिटं. झीगलर-निकोल्सचं १९४२ चं सूत्र पुस्तकात पहिलं असतं म्हणून सगळे ते उचलतात, कॉलमला ते फार आक्रमक पडतं. ड्रमच्या लेव्हलला मात्र इतकं काही करू नको, नुसता प्रपोर्शनल, गेन २, इंटिग्रल नकोच. लेव्हल थोडी इकडं-तिकडं गेली तर जाऊ दे, ड्रम त्यासाठीच तर बसवलाय.

आणि टेंपरेचर कुठल्या ट्रेचं घेतलंयस?

वाफेवरचा_वैतागी

टॉपचं काका. स्पिरिटची स्ट्रेंग्थ तिथंच तर बघायची ना.

बॉयलरमागचा_बाबा

तिथंच काही दिसत नाही. अझिओट्रोपच्या जवळ टेंपरेचर सपाट असतं, वरच्या बऱ्याच ट्रेवर ७८ च्या आसपासच सगळं. स्ट्रेंग्थ बऱ्यापैकी पडली तरी तुला अंशाचा थोडासाच भाग हललेला दिसणार. उलट प्रेशर १० मिलिबारनं हललं तर टेंपरेचर पाव अंशानं हलतं. म्हणजे तुझा कंट्रोलर स्ट्रेंग्थच्या नावाखाली प्रेशरच्या मागं धावतोय. टेंपरेचरचा प्रोफाइल काढ, फीडच्या आसपास किंवा खाली कुठंतरी दोन ट्रेमध्ये एकदम मोठी उडी दिसेल, तो ट्रे पकड. प्लँटवर पण कंट्रोल तिथंच असणार, बघ पॅनलवर नीट, टॉपचा नुसता इंडिकेटर असेल.

वाफेवरचा_वैतागी

काका तुम्ही प्लँट बघितलाय का आमचा? पॅनलवर टॉपला नुसता टीआय (टेंपरेचर इंडिकेटर) आहे, टीआयसी (टेंपरेचर कंट्रोलर) फीडच्या चार ट्रे खाली. मीच मॉडेलमध्ये वर लावला होता.

पायथन_पंटर

हसू येतंय पण हसत नाही, मी एकदा आख्खा कॉलम उलटा नंबर टाकून चालवलाय, ट्रे एक खाली धरून.

एक सवय लाव आत्ताच. एक बदल, एक सेव्ह, फाइलीच्या नावात काय बदललं ते. "फायनल", "फायनल२", "फायनल_खरंच_फायनल" असलं नको. चांगलं शांत चाललंय त्या क्षणाचा स्नॅपशॉट ठेव, प्रत्येक प्रयोग तिथनंच सुरू कर. आणि ट्रिप देण्याआधी अर्धा-एक तास मॉडेलला काही न करता नुसतं चालू दे. स्ट्रिप चार्टवर सगळ्या रेषा आडव्या राहिल्या पाहिजेत. त्या तिरक्या असताना ट्रिप मारलीस तर नंतर कळणार नाही की ट्रिपनं काय झालं आणि आधीच काय घसरत होतं.

अजून एक, हायसिसमध्ये प्रेशर-फ्लो प्रत्येक स्टेपला सुटतं, कंट्रोलर आणि एनर्जी दर दुसऱ्या, पण कंपोझिशन दर दहाव्या स्टेपला, म्हणजे ०.५ च्या स्टेपला पाच सेकंदानं. तुझ्या कामाला चालतंय, पण ट्रिपच्या पहिल्या मिनिटात काही विचित्र पायऱ्या दिसल्या तर ते आधी कमी करून बघ. आणि आता खरी ती स्टेप निम्मी करायची टेस्ट कर, उत्तर तेच आलं पाहिजे.

वाफेवरचा_वैतागी

अपडेट. शुक्रवारी रात्री.

गेन २.५, इंटिग्रल १० मिनिटं, स्पॅन ० ते १५०, ट्रे बदलला, डेड टाइम एक मिनिट. लूप शांत. रिले टेस्टवरनं गेन ३ च्या आसपास आला, प्लँटचा २.५, म्हणजे फार लांब नाही, प्लँटचाच ठेवला. तासभर नुसतं चालवलं, रेषा आडव्या.

मध्ये एक त्रास झाला, व्हेंटचा फ्लो सारखा आत-बाहेर, आत-बाहेर टकटक करत होता. बघितलं तर ड्रमच्या वर व्हेंट कंडेन्सर म्हणून एक भांडं टाकलं होतं, त्याचा पण व्हॉल्यूम जुनाच, दहा लिटर. गॅसची जागा इतकी छोटी की प्रेशर एका स्टेपमध्ये चढतं आणि उतरतं. हे मात्र स्टेप निम्मी केल्यावर बदललं, म्हणजे हा खरा गणिताचा दोष होता. खरं माप टाकलं, गेलं.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे साहेबांना विचारलं. साहेब थोडा वेळ गप्प बसले मग म्हणाले लाइट गेली तर स्टीम बंदच होते, मला म्हणायचं होतं पंप एकटा ट्रिप झाला तर. म्हणजे मी सोमवारी भलतंच घेऊन गेलो असतो.

पंप ट्रिप दिला, पाण्याचं टेंपरेचर मागच्या मे महिन्यातलं ३३. ड्रमची लेव्हल सव्वाचार मिनिटांत शून्य. काका, हे आधी कागदावर तपासलं: सगळं १० ताशी जात राहिलं तर ३.४ मिनिटं, आणि लेव्हल कंट्रोलरनं स्पिरिट पूर्ण बंद करून नुसता रिफ्लक्स ७.५ जात राहिला तर ४.६ मिनिटं. मॉडेल मधोमध आलं. सहा आलं असतं तर परत शोधायला लागलो असतो.

लूपवाली

छान. पण शून्य म्हणजे कुठलं शून्य? लेव्हल ट्रान्समीटरचं खालचं टॅपिंग (ड्रमला जोडलेलं तोंड) ड्रमच्या तळाला नसतं, थोडं वर असतं. पॅनलवर ० दाखवतं तेव्हा आत माल असतो. आणि उलट, पंपाचं सक्शन तळाला असलं तरी लेव्हल खाली गेली की भोवरा होऊन पंप वाफ ओढतो आणि आधीच खडखडायला लागतो. ऑपरेटरला सव्वाचार मिनिटं मिळत नाहीत. तुमच्या लो-लेव्हल अलार्मपासून मोजा, तो किती टक्क्याला आहे?

वाफेवरचा_वैतागी

२० ला आहे. टॅपिंग किती उंचीवर आहे ते बघितलंच नाही ताई, सुतळीनं घेरच मोजत बसलो. उद्या सकाळी पहिल्या शिफ्टला परत चढतो, टेप बॅगेतच आहे.